मोडीतून मापात

या अंकासाठी संपादकांनी ‘परतून आलेलं’ हे सूत्र दिलं, तेव्हा जुनी धान्यं, जुनी वस्त्रं, जुनी वाद्यं असे विषय सहज सुचण्यासारखे होते. वैद्यकात मात्र जुन्याचं परतणं फारसं मिरवलं जात नाही. तिथं एखादी पद्धत सोडली जाते ती बहुधा तिच्याहून चांगली पद्धत हाती आली म्हणून. सोडलेली पुन्हा उचलायची, तर आधी सोडताना काही चुकलं होतं का, या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. दातांच्या इम्प्लान्टच्या क्षेत्रात गेली काही वर्षं हा प्रश्न उभा आहे. हाडात स्क्रू न रोवता, हाडाच्या पृष्ठभागावर, त्याच्या आवरणाखाली धातूची जाळीदार चौकट बसवायची आणि तिच्यावर दात उभे करायचे, असं हे तंत्र. नाव सबपेरिऑस्टिअल इम्प्लान्ट. ते १९४०च्या दशकात जन्मलं, तीनेक दशकं अनेक देशांत वापरलं गेलं, १९८०नंतर झपाट्यानं मागे पडलं आणि पाठ्यपुस्तकातल्या इतिहासाच्या पानांपुरतं उरलं. आज तेच टायटॅनियममध्ये, थ्री-डी प्रिंटरमधून, एकेका रुग्णाच्या मापानं बनून परत आलं आहे.

हे तंत्र परतलं ते हाडाचं मोजमाप सुधारलं म्हणून. पण ते मोडीत निघालं, त्याची सगळी कारणं काही मोजमापाची नव्हती. जी कारणं मापाची होती ती बरीचशी दूर झाली आहेत. जी शरीराच्या स्वभावाची होती ती आहेत तिथंच आहेत. या पुनरागमनाचं स्वागत करायचं की त्याकडे संशयानं पाहायचं, हे या दोन कारणांचा हिशेब वेगवेगळा मांडल्याशिवाय ठरवता येत नाही.

दात गेला की हाडही जातं

जबड्याच्या हाडाची जी कड दातांना धरून असते, ती दातांसाठीच असते. दात काढला की तिचं काम संपतं आणि शरीर ती हळूहळू विरघळवून टाकतं. हे विरघळणं पहिल्या वर्षात सर्वांत वेगानं होतं, पण पुढंही थांबत नाही. आंत्ये टाल्ग्रेन यांनी कवळी लावणाऱ्या माणसांचा पंचवीस वर्षांपर्यंत मागोवा घेऊन १९७२ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ही झीज दशकानुदशकं चालूच राहते आणि खालच्या जबड्यात ती वरच्याच्या सुमारे चौपट असते, असं दिसलं. कॉवूड आणि हॉवेल यांनी १९८८ मध्ये या झिजेच्या पायऱ्या ठरवल्या. शेवटच्या, सहाव्या पायरीवर खालच्या जबड्याची पेन्सिलीएवढी कांब उरते. वरच्या जबड्यात तर टाळू जवळजवळ सपाट होतो आणि नाकाच्या बाजूची पोकळी, म्हणजे सायनस, वरून खाली उतरून उरलंसुरलं हाड कागदासारखं पातळ करते.

या पायरीवरच्या माणसाची कवळी कशालाच धरून नसते. ती बोलताना खाली येते आणि चावताना सरकते, तिच्याखाली हिरडीला जखमा होतात. चिकटवायची पावडर, नवी कवळी, मग आणखी नवी कवळी असा क्रम चालतो. भाकरी दुधात कुस्करली जाते, शेंगदाणे ताटातून जातात आणि लग्नाच्या पंगतीत हळूहळू माणूसही दिसेनासा होतो. नेहमीचा स्क्रूसारखा इम्प्लान्ट इथं कामाचा नाही, कारण त्याला रुतायला साधारण आठ-दहा मिलिमीटर हाड लागतं. मग कमरेचं हाड काढून जबड्यावर कलम करायचं, सायनसचा तळ उचलून तिथं हाड भरायचं, किंवा वरच्या जबड्याला वळसा घालून लांब स्क्रू थेट गालाच्या हाडात न्यायचे, असे मार्ग उरतात. सबपेरिऑस्टिअल चौकट या सगळ्यांना बगल देते. घोड्याच्या पाठीवर खोगीर बसावं तशी ती हाडावर बसते. खोली मागत नाही, फक्त पृष्ठभाग मागते. पण खोगीर पाठीच्या आकाराचं नसेल तर पाठ सोलवटते, आणि या तंत्राचा पहिला अर्धा इतिहास त्या सोलवटण्याचा आहे.

दोनदा उघडलेला जबडा

स्वीडिश दंतवैद्य गुस्टाव डाल यांनी १९४३ मध्ये या कल्पनेवर लेख प्रसिद्ध केला. अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यातल्या ॲरन गर्शकॉफ आणि नॉर्मन गोल्डबर्ग यांनी ती १९४०च्या दशकाच्या अखेरीस अमलात आणली. धातू होता व्हायटॅलियम, म्हणजे कोबाल्ट, क्रोमियम आणि मॉलिब्डेनमचा मिश्रधातू. तो शरीरात गंजत नाही आणि दंतप्रयोगशाळांना तो ओतायची सवय होती. खरी अडचण मापाची होती. ज्या हाडावर चौकट बसवायची ते हिरडीखाली झाकलेलं. सुरुवातीला हिरडीचंच माप घेऊन, एक्स-रे पाहून आणि हिरडीची जाडी अंदाजून तेवढा साचा खरवडला जाई. हिरडी कुठं जाड, कुठं पातळ, कुठं लवलवीत, अंदाज चुकायचाच.

म्हणून १९५०च्या सुमारास आयझाया ल्यू, नॉर्मन बर्मन आदींनी थेट हाडाचं माप घ्यायची पद्धत आणली. तंत्र सावरलं, पण रुग्णाची परीक्षा दुप्पट झाली. पहिल्या शस्त्रक्रियेत जबड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हिरडी चिरायची, आवरणासकट ती दोन्ही बाजूंना सोलून हाड उघडं करायचं, हनुवटीजवळ बाहेर पडणारी नस सांभाळायची आणि ओल्या, रक्ताळलेल्या हाडावर माप घ्यायचा मसाला दाबून धरायचा. मसाला घट्ट झाला की तो अख्खा बाहेर काढायचा. एखादा तुकडा आत राहिला तर पुढं पू ठरलेला. मग टाके. प्रयोगशाळेत साचा ओतायचा, त्यावर मेणात चौकट घडवायची, ती धातूत ओतायची, घासायची. त्यानंतर तोच जबडा पुन्हा उघडायचा, चौकट बसवायची आणि हिरडी पुन्हा शिवायची. शेवटी हिरडीतून चार खुंट बाहेर डोकावत आणि त्यांवर कवळी अडकवली जाई.

चौकट जागेवर राहायची ती मुख्यतः तिच्यावरून पुन्हा चिकटणाऱ्या आवरणामुळं आणि भोवती तयार होणाऱ्या तंतुमय ऊतीमुळं. या ऊतीला काही पुरस्कर्ते नैसर्गिक दाताभोवतीच्या तंतूंची भावंडं मानत. पण मसाल्यातला थोडा ताण, ओतलेल्या धातूचं आक्रसणं, दोन शस्त्रक्रियांमधल्या काळात बदललेलं हाड अशा तीन-चार लहान चुकांची बेरीज होऊन चौकट कुठं टेकायची, तर कुठं अधांतरी राहायची. चावताना ती किंचित हलायची. हलणाऱ्या धातूखालचं हाड झिजतं, झिजलं की हालचाल वाढते आणि वाढलेली हालचाल हाड आणखी झिजवते.

तरीही सरसकट अपयश म्हणून हे तंत्र निकालात काढणं अन्याय्य होईल. हाडाचं थेट माप घेऊन, निवडक रुग्णांत आणि बहुतेक खालच्या जबड्यात काम करणाऱ्यांचे आकडे आजही विचार करायला लावतात. बोडाइन, यानासे आणि सहकाऱ्यांनी खालच्या जबड्यातल्या चौकटींचा जो दीर्घ पाठपुरावा १९९०च्या दशकात प्रसिद्ध केला, त्यात दहा वर्षांनी साधारण ७९ टक्के आणि पंधरा वर्षांनी साधारण ६० टक्के चौकटी टिकल्या होत्या. १९७८ मध्ये अमेरिकेत तज्ज्ञांच्या परिषदेनं इम्प्लान्ट यशस्वी म्हणायला किमान अट ठरवली होती ती पाच वर्षांनी ७५ टक्के कार्यरत असण्याची. त्या काळच्या पट्टीनं हे तंत्र चांगल्या हातांत उत्तीर्ण होत होतं.

पट्टीच बदलली

मग ते मोडीत का निघालं? उत्तर पुन्हा स्वीडनमध्येच आहे. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी १९५२ मध्ये लुंडला सशांच्या हाडात टायटॅनियमची उपकरणं बसवून रक्ताभिसरण पाहायला सुरुवात केली होती. काम झाल्यावर ती उपकरणं हाडातून निघेनात. हाड टायटॅनियमला थेट भिडून वाढलं होतं. १९६५ मध्ये गोथेनबर्गला त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. तोवर इम्प्लान्ट या शब्दाचीच पत गेली होती. ब्रोनेमार्कनाही त्यांच्या देशातल्या दंतवैद्यांनी बराच काळ थारा दिला नाही. १९७०च्या दशकात स्वीडनच्या आरोग्य मंडळानं त्रयस्थ प्राध्यापक नेमून त्यांच्या रुग्णांची तपासणी करवली, तेव्हा वारं फिरलं. १९८१ मध्ये पंधरा वर्षांच्या अनुभवाचा अहवाल आला आणि १९८२ मध्ये जॉर्ज झार्ब यांनी भरवलेल्या टोरांटो परिषदेनंतर उत्तर अमेरिकेनंही स्क्रू स्वीकारला.

इथं जिंकला तो धातूइतकाच पुरावाही. ब्रोनेमार्क यांच्याकडे बसवलेल्या प्रत्येक स्क्रूची नोंद होती: कधी बसवला, कधी पडला, भोवतालचं हाड किती उतरलं. चौकटीच्या पुरस्कर्त्यांकडे मोजके अपवाद वगळता यशाची छायाचित्रं होती, बसवलेल्या आणि काढलेल्यांचा पूर्ण हिशेब नव्हता. शिवाय बिघडण्याची रीत वेगळी होती. पाच स्क्रूंपैकी एक गेला तर चार राहतात. चौकट एकसंध, एका खुंटाभोवती पू झाला की तो धातूच्या पट्टीच्या आधारानं पुढं सरकतो, हिरडी फाटून पट्टी उघडी पडते आणि शेवटी सगळी चौकट काढावी लागते. ती काढताना आधीच तुटपुंजं असलेलं हाडही जातं. ज्याच्याकडे हाड नव्हतं म्हणून चौकट बसवली, त्याच्याकडे नंतर आणखी कमी उरतं.

पडद्यावर फिरणारा जबडा

पुनरागमनाची पहिली पावलं १९८०च्या दशकातच पडली होती. कॅलिफोर्नियात गोलेक, जेम्स आदींनी सीटी स्कॅनवरून जबड्याची प्रतिकृती कोरून घेतली आणि पहिली शस्त्रक्रिया टाळली. पण तेव्हाच्या स्कॅनचे काप जाड होते आणि प्रतिकृती थेट मापाइतकी नेमकी नव्हती. कल्पना बरोबर, साधनं अपुरी. १९९०च्या दशकाच्या अखेरीस कोन-बीम सीटी आलं. कमी किरणोत्सर्गात जबड्याचं बारीक त्रिमितीय चित्र देणारं हे यंत्र आता मुंबई-पुण्यातच नव्हे, जिल्ह्याच्या गावांतल्या स्कॅन सेंटरमध्येही दिसतं. त्यापाठोपाठ टायटॅनियमची भुकटी लेसरनं थरावर थर वितळवून वस्तू घडवणारं तंत्र स्वस्त होऊ लागलं. २०१७च्या सुमारास ब्रसेल्सचे मॉरिस मोमार्ट्स आणि हॅनोव्हरचे नील्स-क्लाउडियस गेलरिश यांनी स्वतंत्रपणे आपापल्या नव्या चौकटी मांडल्या. इटलीतही अशीच कामं सुरू होती.

आजची कामाची रीत जुन्या रीतीच्या बरोबर उलट दिशेनं चालते. पूर्वी आधी हाड, मग चौकट आणि शेवटी दात, असा क्रम होता. आता सुरुवात दातांपासून होते. रुग्णाची चांगली बसणारी कवळी खुणेचे ठिपके लावून स्कॅन केली जाते, म्हणजे दात ओठांच्या मागं नेमके कुठं यायला हवेत हे कळतं. मग स्कॅनमधून हाड वेगळं काढून पडद्यावर फिरवलं जातं. रचनाकार चौकटीसाठी नुसता पृष्ठभाग शोधत नाही, तर ताकदीचं हाड शोधतो. वरच्या जबड्यात सगळं झिजलं तरी नाकपुडीच्या कडेचं आणि गालाखालचं हाड टिकून असतं, कारण ते दातांसाठी नसून चेहऱ्याच्या सांगाड्यासाठी आहे. चौकटीचे पंख तिथवर नेऊन बारीक स्क्रूंनी पक्के केले जातात. सायनसवरची पातळ भिंत टाळली जाते. चावण्याचा जोर कुठं साठेल, हे संगणकावर आधीच पाहता येतं. आराखडा शल्यचिकित्सकाकडे जातो, त्याचे शेरे येतात, खुंट इकडेतिकडे सरकतात आणि मंजुरीनंतर छपाई होते. हाडाला टेकणारी बाजू खरबरीत ठेवतात, हिरडीतून जाणारा भाग घासून गुळगुळीत करतात. शस्त्रक्रिया एकच, आणि पुष्कळदा तात्पुरते दात लगेच बसतात.

म्हणजे जुन्या आरोपपत्रातली तीन कलमं रद्द होतात: दुसरी शस्त्रक्रिया, अंदाजाचं माप आणि हलणारी चौकट. चौथं मात्र कायम आहे. खुंट अजूनही हिरडी भेदूनच बाहेर येतात आणि तोंड अजूनही जिवाणूंचं घर आहे. नैसर्गिक दाताभोवती हिरडीचे तंतू दातात रुतून जे कुंपण घालतात, ते धातूभोवती तसं तयार होत नाही. पातळ हिरडीखालची पट्टी आजही उघडी पडू शकते. आता गालातल्या चरबीची घडी ओढून पट्टीवर पांघरतात. त्यानं धोका कमी होतो, संपत नाही. स्कॅनलाही मर्यादा आहे: मिलिमीटरहून पातळ हाड चित्रात नाहीसं होऊ शकतं आणि मग पडद्यावर भोक दिसतं तिथं प्रत्यक्षात भिंत असते.

आक्षेप आणि त्यांची उत्तरं

पहिला आक्षेप असा की, गालाच्या हाडातले लांब स्क्रू आहेत, हाडाचं कलम आहे, मग हे कशाला? आक्षेप अर्धा खरा आहे. खालच्या जबड्यासाठी तर तो जवळजवळ पूर्ण खरा आहे. तिथं पुढच्या भागात हाड बहुधा पुरेसं उरतं आणि दोन स्क्रूंवर अडकणारी कवळी हीच किमान अपेक्षा धरावी, अशी शिफारस मॅकगिल विद्यापीठातल्या परिषदेनं २००२ मध्येच केली. पण वरच्या जबड्यात कलमासाठी कमरेवर दुसरी जखम, महिनोनमहिने थांबणं आणि कलम विरघळण्याची शक्यता, हे सत्तरीतल्या माणसाला झेपेलच असं नाही. गालाच्या हाडातले स्क्रू उत्तम चालतात, पण त्यांचा मार्ग सायनसमधून आणि डोळ्याच्या खोबणीजवळून जातो. चौकटीची जागा या पर्यायांच्या रांगेत शेवटी आहे. ती पुढं ढकलली जाऊ लागली, ज्याला साधे चार स्क्रू पुरले असते त्याला छापील चौकट विकली जाऊ लागली, तर इतिहास पुन्हा घडेल.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा: निकाल चांगले येत असताना जुनी भुतं कशाला उकरायची? इटलीतल्या सत्तर रुग्णांच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन वर्षांनी सुमारे ९५ टक्के चौकटी टिकल्या होत्या. आकडा आश्वासक आहे, पण दोन वर्षांचा आहे. जुन्या चौकटीही दोन वर्षांनी दिमाखात उभ्या असत. त्यांची घसरण दहाव्या आणि पंधराव्या वर्षांच्या दरम्यान अधिक वेगानं झाली. शिवाय तुलना सरळ नाही. जुने दीर्घकालीन आकडे खालच्या जबड्याचे आहेत, नव्या चौकटी बहुतांशी वरच्या जबड्यात बसतात. जुन्या आकड्यांनी नव्या तंत्राला दोषी ठरवता येत नाही, आणि त्याच आकड्यांच्या आधारे निर्दोषही म्हणता येत नाही.

तिसरा आक्षेप माणुसकीचा आहे. पंचाहत्तरीतल्या बाईंना पंधरा वर्षांनंतरच्या टक्केवारीशी काय करायचं? दहा वर्षं नीट जेवता आलं तरी पुष्कळ झालं. यात तथ्य आहे, आणि निर्णय शेवटी त्यांचाच असला पाहिजे. पण चौकट बिघडते तेव्हा माणूस पंचाऐंशीचा झालेला असतो. हात थरथरत असल्यानं खुंटांभोवती बारीक ब्रश फिरवणं जमत नसतं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतात आणि तेव्हाच मोठी शस्त्रक्रिया समोर येते. म्हणून बसवतानाच काढण्याचा विचार हवा. काही रचनांत चौकट डाव्या-उजव्या दोन भागांत करतात, म्हणजे एक बिघडला तर दुसरा वाचतो. इतिहासातून घेतलेला हा धडा प्रिंटरइतकाच मोलाचा आहे.

महाराष्ट्राच्या दाराशी

हा सगळा प्रकार युरोपातल्या म्हाताऱ्यांपुरता राहिला असता, पण २०२१ च्या उन्हाळ्यात तो आपल्या दाराशी आला. कोविडच्या दुसऱ्या लाटेमागून म्युकरमायकोसिस आला आणि महाराष्ट्र सर्वाधिक झळ बसलेल्या राज्यांपैकी एक होता. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड या जोडीचा फायदा घेऊन बुरशी सायनसमधून वरच्या जबड्यात उतरली. जीव वाचवायला अर्धा किंवा अख्खा वरचा जबडा काढावा लागलेले रुग्ण घरी परतले, तेव्हा त्यांच्यात तिशी-चाळिशीतलेही होते. टाळूला भोक पडलं की चहा नाकातून येतो आणि शब्द नाकात अडकतात. ते भोक बुजवणारी कवळी बनवता येते, पण तिला धरायला दात नाहीत, हाड नाही. अशा ठिकाणी उरलेल्या गालाच्या हाडाला धरून बसणारी, त्या माणसाच्याच मापाची चौकट हा चैनीचा पर्याय राहत नाही. तंबाखू आणि गुटख्यापायी जबडा गमावणाऱ्यांची रांग तर आपल्याकडे त्याआधीपासून आहे.

आणि नेमक्या याच रुग्णांच्या बाबतीत सावधगिरी जास्त हवी. मधुमेह हिरडी भरू देत नाही, किरणोपचार घेतलेलं हाड जखम सोसत नाही, तंबाखू सुटलेली नसते. शिवाय पायाखाली पंधरा वर्षांची नव्हे, पस्तीस-चाळीस वर्षांची वाट आहे. युरोपातल्या वृद्धांवरचे दोन वर्षांचे आकडे त्यांना लागू करणं म्हणजे पुन्हा हिरडीवरून हाडाचा अंदाज करण्यासारखंच आहे.

हिशेब कोण ठेवणार?

या तंत्राचं मूल्यमापन आणखी एका कारणानं अवघड आहे. स्क्रू कारखान्यात एकसारखे बनतात, म्हणून हजारांची बेरीज करता येते. चौकट मात्र दर वेळी वेगळी. रचनाकार वेगळा, पंख वेगळे, स्क्रूंची संख्या वेगळी. दहा शल्यचिकित्सकांनी दहा-दहा चौकटी बसवल्या की दहा लहान, परस्परांशी न जुळणारे अहवाल तयार होतात आणि त्यांतले यशाचेच छापले जाण्याचा कल असतो. १९६०च्या दशकात हेच झालं होतं.

यावरचा उपायही स्वीडननंच दाखवला आहे. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांची राष्ट्रीय नोंदवही तिथं १९७५ मध्ये आणि खुब्याच्या सांध्यांची १९७९ मध्ये सुरू झाली. कोणता सांधा लवकर बिघडतो हे त्या नोंदींतून कळलं आणि वाईट सांधे आपोआप बाजूला पडले. नोंद नसली की काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. २०१० मध्ये खुब्याचे सदोष सांधे जगभरातून परत मागवले गेले, तेव्हा भारतातल्या हजारो रुग्णांचा पत्ताच लागला नाही.

चौकटीच्या बाबतीत ही नोंद ठेवणं अवघडही नाही, कारण अर्धी नोंद तंत्रातच तयार होते. प्रत्येक चौकटीचा आराखडा संगणकात असतो: कुठल्या हाडावर, किती स्क्रू, किती जाडीची पट्टी. त्याला रुग्णाचं वय, साखर, तंबाखू आणि दर वर्षीच्या तपासणीतली प्रत्येक खुंटाभोवतीच्या हिरडीची स्थिती जोडली, चौकट काढावी लागली तर तीही तारखेसह नोंदवली, की दहा वर्षांत असा पुरावा हाती येईल जो डाल आणि गर्शकॉफ यांच्या पिढीला कधी गोळा करता आला नाही. सरकारी दंत महाविद्यालयांनी आणि शल्यचिकित्सकांच्या संघटनेनं मनावर घेतलं, तर म्युकरच्या रुग्णांपासूनच सुरुवात होऊ शकते. तोवर रुग्णानं डॉक्टरांना तीन प्रश्न विचारायला हरकत नाही: साध्या स्क्रूवर माझं भागणार नाही हे कशावरून, चौकट बिघडली तर ती कशी काढाल आणि दहाव्या वर्षी माझी तपासणी कोण करणार? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आजचं तंत्र देऊ शकतं. तिसऱ्याचं उत्तर व्यवस्थेला द्यावं लागेल, आणि हे तंत्र या खेपेला टिकेल की पुन्हा मोडीत जाईल, ते त्यावरच ठरेल.